वाळीत घरातली नर्सबाई

रूथबाई आमच्या घरात भाड्यानं राह्यची. पडवीच्या टोकाला एक खोली हाय, तिला दार येगळं. आधी त्यात भाताची कनगी असायची. सरकारनं गावाला नर्स दिली पन तिला राह्याला जागा दिली नाय, तेव्हा माझा भाऊ गोविंदा म्हनाला, खोली पडूनच हाय, राहूं दे बाईला. गाव आमचं रोह्याजवळ, वरशाच्या पलीकडं. मी गोविंदाची मोठी बहीन, विमल. नवरा वारल्यावर माहेरी आले ती इथंच राह्यले. मना मूल नाय. गोविंदाचा रितेश माझ्याच कडेवर वाढला, कारन त्याची आई रोहिणी शेतावर जायची आनि मी घरी.

रूथबाई मूळची पेणची. जातीनं इस्रायली, पन मराठी आपल्यासारखीच बोलायची, लुगडं आपल्यासारखंच. बाप तेलाचा घाना चालवायचा आनि शनवारी बंद ठेवायचा, म्हनून त्यांना शनवार तेली म्हनायचे. भाऊबहिनी सगळी इस्रायलला गेली. हिनं लगीन केलं नाय आनि गेली पन नाय. मी एकदा इचारलं, बाई, तुम्ही का नाय गेलात. तर बोलली, "कोलंबी मी इथे पण खात नाही, तिथे पण खाणार नाही. मग जाऊन फरक काय?"

कोलंबी नाय, चिंबोरी नाय, शिवल्या नाय, त्यांच्या धर्मात चालत नाय. आमच्या रोहिणीला तिची फार कीव यायची. शनवारी चूल पेटवायची नाय, शुक्रवारीच रांधून ठेवायची. शनवारी कोन सुई टोचायला बोलवायला आलं तर दारातनं इचारायची, मरतंय का कोणी? नाय म्हटलं तर उद्या ये. व्हय म्हटलं तर चपला घालून पुढं.

बाईची एक रीत व्हती. कोनाच्या घरात गेली की खाटेवर बसायची नाय, खुर्ची दिली तरी नाय. उंबऱ्याला टेकून बसायची. म्हनायची, उंबऱ्यावर बसलं की आतलं पण दिसतं आणि बाहेरून कोण येतं ते पण. पोटुशी बायका, तापाची पोरं, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर, सगळं ती उंबऱ्यावर बसून बघायची. आनि घरात पोरगा बिघडलेला असला की लाल गोळ्या द्यायच्या नावानं जायची. रक्त वाढवायच्या गोळ्या बायकांना देते असं सांगायची, आनि बोलता बोलता पोराच्या खाटेकडं बघत राह्यची. कोनाच्या घरात काय हाय ते तिला म्हाईत असायचं. पन या घरचं त्या घरी कधी बोलली नाय. मी लय काढायला बघितलं. नाय म्हंजे नाय.

त्या वर्षांत पोरं बिघडली व्हती. कंपनीत ठेकेदाराकडं रात्रपाळी असायची. झोप येऊ नये म्हनून आधी काय तरी घ्यायची, मग दिवसा झोप येईना म्हनून गोळ्या. बटन म्हनायची त्यांना पोरं. एक बटन, मग दोन, मग खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली. दारू प्यायला पोरगा तर वास येतो, बाप बदडतो. याला वास नाय. आमची मानसं म्हनायची, पोरगा कामानं दमलाय.

रितेश दहावी नापास, त्याच ठेकेदाराकडं लागला. मिशी फुटत व्हती. रूथबाई एक दिवस उंबऱ्यावर बसली आनि मना बोलली, "विमल, पोराची जीभ जड झालीये गो."

"पाळी करून आलाय."

"पाळी करून पाय दुखतात. जीभ नाही जड होत."

मी तिला काय काय बोलले. आमच्या पोरावर आळ घेतेस, आमच्याच खोलीत राहून. तिनं ऐकून घेतलान आनि चहाचा कप धुवून पालथा घातलान. मग आठवड्यात रोहिणीची जोडवी गेली, मग देव्हाऱ्यातली तांब्याची पळी गेली. गोविंदानं पोराला गोठ्यात दोरीनं बांधलान. रूथबाई फेरीवरनं आली, पिशवी पन ठेवली नाय, सरळ गोठ्यात.

"सोड त्याला. ढोर आहे का तो?"

"बाई, तुम्ही मधी पडू नका. चार दिवस कोंडतो, उतरंल."

"उतरेल. आणि फिट येऊन मरेल पण. एकदम बंद केलं की फिट येते, गोविंदा. जिना एकदम उडी मारून उतरतात का? एकेक पायरी उतरायची."

तिनंच मग दोरी सोडलान. तिच्या मामेभावाची ओळख व्हती अलिबागला एका डॉक्टरकडं, त्याला इचारून आली. त्या दिवसापासून रितेशच्या गोळ्या तिच्याकडं. ब्लेडनं गोळीचे तुकडे करायची आनि रोज आपल्या हातानं, आपल्या समोर द्यायची. गोळी हळूहळू बारीक. आमाला पन काम लावलान. गोविंदानं त्याच्यासंगं जेवायला बसायचं आनि जेवताना गोळीची गोष्ट काढायची नाय, भाताची काढायची, बैलाची काढायची. रोहिणीनं रडायचं असंल तर परसात जाऊन रडायचं. मी शिव्या द्यायच्या नाय. हे सगळ्यात अवघड व्हतं. पोरगा चिडायचा, घामानं भिजायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. बाई त्याला म्हनायची, "आपट. भिंत तुझ्या बापाची आहे. पण उद्या गोळी याच वेळी, याच उंबऱ्यावर." आनि तो यायचा. हसायला लागला व्हता. मना म्हनाला, आत्ये, भाजलेले बोंबील कर.

मग गोविंदानं तोंड उघडलान.

गोळ्या कोन विकायचा ते सगळ्या गावाला म्हाईत व्हतं. फाट्यावर महिपतीचं मेडिकल व्हतं. दुकानात भिंतीवर औषधं विकायचा दाखला लावलेला पेणच्या कोना मानसाचा, त्या मानसानं दुकान कधी बघितलं पन नसंल. दाखला भाड्याचा, गल्ल्यावर महिपती. महिपती हा हैबतरावाचा थोरला लेक. आनि हैबतराव म्हंजे आमच्या गावकीचा म्होरक्या. देवळाचं काय, लग्नाचं काय, भांडनाचं काय, त्याच्या तोंडातनं येईल ते. गोविंदा बाजाराच्या दिवशी त्या दुकानासमोर उभा राह्यला आनि सगळ्यांसमोर बोलला, "महिपती, माझ्या पोराला तू इख विकलंस. आजपासनं माझ्या गावातल्या एका पोराला बटन दिलंस तर मी पोलिसात जानार."

झालं. गावकी देवळात बसली. गोविंदानं गावाची अब्रू बाहेर काढलान, बाजारात, परक्यांच्या समोर. वाळीत टाकला.

वाळीत म्हंजे काय ते ज्याला टाकतात त्यालाच कळतं. कोन बोलनार नाय. दूध घालनार नाय. गिरनीत दळान घेनार नाय. लावनीला कापनीला एकमेकांच्या शेतावर जायची रीत, ती बंद. मेलं तर खांदा नाय. आनि आमच्या घरचं पानी जो पिईल, जो आमच्या अंगाला अंग लावंल, तो पन वाळीत. नेम सगळ्यांना सारखा.

रूथबाईला सांगायला हैबतरावानं दोन मानसं पाठवलान. अंगनाच्या बाहेर उभी राहून बोलली, "बाई, ही खोली सोडा. गावात दुसरी देतो."

बाई पापड वाळत घालत व्हती. "नाही सोडली तर?"

"तर तुम्हाला पन वाळीत टाकावं लागंल."

"टाका. मला जातीत घेतलं होतं कधी, म्हणजे बाहेर काढाल? माझी सगळी भावंडं देश सोडून गेली, तेव्हा मी एकटी राहिले. तुम्ही आणखी काय एकटं करणार. आणि उद्यापासून कुणाच्या सुनेला कळा आल्या तर बोलवू नका हां, मी वाळीत असेन."

त्यांनी तिला वाळीत टाकली नाय. नेमात सोय केली, की नर्सबाईला लोकांनी रस्त्यावरनं हाक मारायची, घरात पाय ठेवायचा नाय. म्हंजे आमच्या अंगनासमोर मानसं येऊन उभी राह्यची, बाईशी बोलायची, आनि माझ्याकडं बघायची नाय. मी झाडू मारत असायचे, तरी नाय. मी मुद्दाम त्यांच्या पायाजवळ झाडायचे.

भात पिकलं व्हतं तेव्हाची गोष्ट. आमची कापनी आम्ही तिघंच करत व्हतो, उशीर झालेला. त्या दिवशी मी घरी, रितेश माझ्याजवळ. बाई कातकरवाडीवर लसी द्यायला गेलेली. दुपारचं कोन तरी मना न दिसता मागल्या बाजूनं आलं आनि त्याला अख्खी पट्टी आनि बाटली देऊन गेलं. महिपतीच्या दुकानातलीच, खोक्यावर त्याचा शिक्का. फुकट दिलान, रितेशकडं पैसा कुठला. फुकट का दिलान ते मना तेव्हाच कळलं, आज पन सांगते. गोविंदाचा पोरगा पुन्हा पडला की गोविंदा खोटा ठरनार.

मी बघितलं तेव्हा त्याचे ओठ निळे व्हते आनि श्वास मधी थांबून थांबून येत व्हता. मी हैबतरावाच्या घरी धावले. त्याची जीप अंगनात उभी. गडी ती धुवत व्हता. मी बोलले, पोराला दवाखान्यात न्यायचाय, जीप द्या, पाया पडते.

हैबतराव ओटीवरनं उठला पन नाय. "विमल, माझ्या अंगनात उभी राहू नको. गावकीचा नेम मीच मोडला तर पाळील कोन."

मी पाया पडले. त्यानं पाय मागं घेतलान, अंगाला अंग लागू नये म्हनून.

गोविंदा शेतावरनं धावत आला, आनि गावातलं कोन नाय, वाडीवरचा जनू कातकरी तेवढा. गोविंदानं आनि त्यानं बांबूला चादर बांधून झोळी केलान आनि पोराला घेऊन निघाले. रूथबाई वाटेत भेटली. तिनं झोळीवर वाकून गळ्याला हात लावलान, डोळे उघडून बघितलान, तोंडात तोंड घालून श्वास भरलान, छातीवर दाबलान, लय वेळ. मग तिथंच मातीत बसली. गोविंदाला म्हनाली, "खाली ठेव रे."

खांद्याला मानसं नाय. गोविंदा एक, जनू दुसरा. बाईनं पेणला निरोप धाडलान. तिचा काका जेकब आनि त्याचा लेक एझ्रा एसटीनं आले. जेकब म्हातारा, डोक्यावर काळी टोपी, आमचे मंत्र त्याला येत नाय, त्याचं तो पुटपुटत व्हता. गावातली मानसं दारं अर्धी लावून आतनं बघत व्हती. मी एकेक दार बघून घेतलं.

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट. हैबतरावाचा सत्यानाश. दुसरं काय नाय. मी रॉकेलचा डबा भरून ठेवला, फाट्यावर जायचं, दुकान पेटवायचं, महिपती आत असला तर बरंच. रूथबाईनं डबा बघितलान. उचललान आनि आपल्या खोलीत नेऊन ठेवलान.

"माझा डबा दे."

"स्टोला लागेल मला."

"बाई, मस्करी करू नको."

"दुकान जळलं तर त्याला विमा मिळेल. नवीन शेल्फ करेल, काचेचं. तू जेलात. गोविंदा कुणाकडे बघणार?"

"मग मी काय करू. बसू गप?"

बाईनं खोलीला कडी घातलान. मग म्हनाली, "मी दोनदा पोलिसात जाऊन आले. ऐकून घेतात. चहा देतात. लिहून घेत नाहीत. ज्यानं गोळी खाल्ली त्या पोरानं बोललं पाहिजे, डॉक्टरच्या समोर. आपलं पोर बोलायला राहिलं नाही."

हे मी मनात ठेवलं. जिवंत पोरगा पायजे. बोलनारा पायजे.

पावसाळा यायच्या आधी, राब भाजायचे दिवस, भर दुपार, गाव सगळं शेतावर. मी पडवीत तांदूळ निवडत व्हते. अंगनाच्या बाहेर हैबतराव येऊन उभा. एकटा. धोतराला माती, पायात चपला नाय.

"बाई हायत का?"

मी तांदूळ निवडत राह्यले. बोलायचं नाय हा त्याचाच नेम.

"विमल. बाई हायत का आत?"

"माझ्या अंगनात उभं राहू नका," मी म्हनाले.

"मी रस्त्यावर हाय."

"रस्ता पन आमच्याच समोरचा हाय."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. म्हनाला, कान्हूला झटके येतायत. कान्हू त्याचा धाकटा, रितेशच्या वर्गातला. तेव्हा मना कळलं. महिपतीच्या घरातच महिपतीचं गिऱ्हाईक. हैबतरावाला कळलं असनार, आनि त्यानं पोराला गपचूप माडीवर कोंडलान. गोविंदानं केलं तेच. पन गोविंदाला सांगायला रूथबाई व्हती. हैबतराव कोनाला इचारनार. रोह्याच्या डॉक्टरकडं नेला तर गावाला कळनार. म्हनून दुपारची येळ बघून बाईला चोरून न्यायला आला.

मी उठले आनि दारात उभी राह्यले. "पानी प्या," मी म्हनाले.

"काय?"

"आमच्या माठातलं पानी प्या. मग बाईला हाक मारते."

त्यानं मागं वळून रस्ता बघितलान, कोन येतंय का. पानी प्यायला तर त्याचाच नेम, तो पन वाळीत. नाय प्यायला तर पोरगा. मना असं वाटलं की मी जलमले ती याच दुपारसाठी.

त्यानं पाय उचललान. खरंच उचललान. पन मागनं बाईच्या खोलीचं दार उघडलं. पिशवी खांद्यावर, चपला पायात. सगळं ऐकलं व्हतं तिनं.

"किती वेळ झाला झटके सुरू होऊन?"

मी तिचा हात धरला. "बाई, त्याला पिऊं दे आधी."

"नंतर पाज."

"रितेशसाठी त्यानं जीप दिली नाय."

"माहीत आहे. मी वाटेत होते, विसरलीस?" तिनं हात सोडवलान. मग दोन पावलं जाऊन वळली. "चल तू पण. पोराला धरायला हात लागतील, ह्याच्या घरचे नुसते रडतील."

मी गेले. ज्या ओटीवर मना उभं राहूं देत नव्हते त्या ओटीवरनं आत, माडीवर. कान्हूची आई कृष्णाबाई माझ्याकडं बघून भिंतीला लागली, वाट दिली. पोरगा लाकडासारखा ताठ, तोंडाला फेस. बाईनं त्याला कुशीवर केलान, तोंडातलं पुसलान. म्हनाली, दवाखान्यात न्यायला लागेल, आत्ता. हैबतराव म्हनाला, बाई, इथंच सुई द्या काय ती, मागल्या वाटेनं वैद्य बोलवतो.

"मागल्या वाटेनं काही नाही. जीप काढा. देवळासमोरून जाऊ, तोच रस्ता जवळ."

जीपमधी मागं मी आनि बाई, मधी पोरगा. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. हैबतराव स्वताच चालवत व्हता, महिपती दुकानावर. देवळाजवळ मानसं शेतावरनं येत व्हती. त्यांनी बघितलान, हैबतरावाच्या जीपमधी वाळीत घरची विमल. मी पदर नीट केला आनि ताठ बसले. त्या दिवशी माझी मान कोनाला खाली घालता आली नाय.

गाव मागं पडलं. माझा हात पोराच्या तोंडाजवळ व्हता, फेस पुसायला फडकं धरलेलं. रितेशसारखीच मिशी फुटलेली. मी फडक्याकडं बघत व्हते. रूथबाई माझ्या हाताकडं बघत व्हती, पोराकडं नाय.

"विमल, नाक-तोंड मोकळं ठेव."

"ठेवलंय."

"हात सैल कर."

मी सैल केला. दया आली म्हनून नाय, खोटं कशाला बोलू. तो मेला असता तर हैबतरावाची लोकांनी कीव केली असती, अख्खं गाव त्याच्या पोराला खांदा द्यायला गेलं असतं. मना तो जिवंत पायजे व्हता. बोलायला पायजे व्हता. मी त्याच्या कानाजवळ वाकून म्हनत राह्यले, श्वास घे, मेल्या, श्वास घे. बाईला वाटलं असंल मी देवाचं नाव घेते.

वाचला. शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टर समोर, बाई समोर, मी दारात. डॉक्टरनं इचारलं, गोळ्या कुठनं आनायचास. हैबतराव खाटेजवळ उभा. पोरगा बापाकडं बघत व्हता. बाईनं हैबतरावाला सांगितलान, "तुम्ही बाहेर जा." जसं सगळ्या बापांना सांगायची तसंच. तो गेला. तेव्हा कान्हूनं सांगितलं. दादाच्या दुकानातनं. रितेशला पट्टी कोन घेऊन गेला ते पन सांगितलं. तोच गेला व्हता. भावानं पाठवलान, आपल्याला त्याचा डाव म्हाईत नव्हता म्हनाला.

मी दारातनं ऐकलं. बाईनं पटकन माझ्याकडं बघितलान. मी तिथंच राह्यले. पोरगा रडत व्हता आनि मी बघत राह्यले, रडूं दे म्हटलं.

या येळी पोलिसांना लिहून घ्यावं लागलं. महिपतीला नेला, दुकानाला सील. काय महिन्यांनी जामिनावर सुटला आनि गुजरातला गेला. तेवढीच शिक्षा. मना पुरली नाय.

मग गावकीची अडचन झाली. वाळीत घरची बाई हैबतरावाच्या माडीवर चढली, त्याच्या पोराला मांडीवर घेतलान. नेमानं हैबतराव वाळीत. आनि गावकीतल्या घरोघरी पोरं बटन खात व्हती, कोनाला बोलायची सोय नाय. म्हनून ठरवलं, गोविंदावरचं उठवायचं. उठवायची रीत अशी की गावकीची मानसं घरी येतात, चहा पितात, झालं. हैबतराव पन येनार, तो पन त्यातच सुटनार.

गोविंदाचे डोळे भरून आले. रोहिणी कप घासायला लागली. मी म्हनाले, माझ्या हातानं मी एकाला चहा देनार नाय. वाळीत राहूं दे आपल्याला. त्यांना पन राहूं दे.

रूथबाई उंबऱ्यावर बसून व्हती. म्हनाली, "चहा कर विमल. चांगला कर, आलं घाल. पण फुकट देऊ नको."

"म्हंजे?"

"प्रत्येकानं आपल्या घरातल्या पोराचं नाव घ्यायचं. कोण गोळी घेतो त्याचं. नाव घेतलं की कप. मला ती पोरं पाहिजेत, गो. मी घरोघर लाल गोळ्यांच्या नावानं किती दिवस जाऊ?"

"तुला तर सगळी म्हाईत हायत. तूच घे की नावं."

"मी घेणार नाही. ते त्यांचं त्यांनी."

मना ते आवडलं. तिला पोरं पायजे व्हती, मना त्यांची तोंडं बघायची व्हती. दोघींचं काम एकाच कपात झालं.

आले सगळे. पडवीत घोंगडीवर बसले. मी ट्रे घेऊन उभी राह्यले आनि सांगितलं. कोनी खोकला, कोनी पागोटं नीट केलं. मग एक म्हातारा, त्याचं पोर तर मना ठाऊक पन नव्हतं, म्हनाला, "माझा नातू. घेतो. आम्ही त्याला फिट येते म्हनून सांगतो." मी कप दिला. त्यानं चहा बशीत ओतलान आनि बशी तोंडाला लावलान. मग दुसरा. मग तिसऱ्यानं आपल्या जावयाचं नाव घेतलान, बाई म्हनाली, जावई पण चालेल. कोन तरी हसलं. मग नावं येत राह्यली. जी दारं अर्धी लावलेली बघून घेतली व्हती मी, त्यांतली किती तरी घरं निघाली.

शेवटी हैबतराव. "माझा कान्हू," तो म्हनाला. आनि हात पुढं केला.

"दुसरं नाव?" मी इचारलं.

"महिपती गोळी घेत नव्हता. विकत व्हता."

"मी त्याचं इचारलं नाय. दुसरं नाव घ्या. जो घेत व्हता आनि आता नाय."

 हैबतराव खाली बघत व्हता. मग म्हनाला, "रितेश." हळू म्हनाला, पन सगळ्यांनी ऐकलं. रोहिणी आत गेली.

मी कप उचलला आनि चहा परसाच्या बाजूला, मातीत ओतला. कप पालथा ट्रेमधी ठेवला.

गोविंदा म्हनाला, ताई. मी म्हनाले, मी दुसरं नाव घ्यायला सांगितलं, त्यावर कप देते म्हनाले नव्हते. बाकीचे उठायला लागले. हैबतराव तसाच बसलेला, हात पुढंच. तेव्हा रूथबाई उठली, आपल्या खोलीत गेली, तिच्या माठातलं पानी पेल्यात घेऊन आली आनि त्याच्या हातात दिलान. तो प्यायला.

सगळे गेल्यावर मी तिला म्हनाले, "माझ्या घरात तू त्याला पानी पाजलंस."

"खोलीचं भाडं देते मी. माझा माठ माझा."

मी तिच्याशी बोलले नाय. ती पन मना समजवायला आली नाय. सकाळी उंबऱ्यावर बसलेली असायची, पोरं यायला लागली व्हती, एकेकाला ब्लेडनं गोळी कापून द्यायची. आया पडवीत बसायच्या. चहा मीच करायचे. बोलायचे नाय, पन कप तिच्यासमोर ठेवायचे. एक दिवस ती म्हनाली, साखर कमी. मी म्हनाले, महाग झालीये. तिथनं पुन्हा बोलनं सुरू.

वर्षाच्या आतच तिची बदली झाली. वरनं ऑर्डर आली, पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकडं. कोनी करवली ते मना म्हाईत हाय, पुरावा नाय. तिथं पन ती तेच करत राह्यली, खाडीवरच्या पोरांत. एझ्रा इस्रायलला गेला, जेकब पन गेला. ती नाय गेली. सनावाराला यायची, आमच्यातल्या आयांना भेटायची, कोनाचं पोर कुठं लागलं ते इचारायची. कान्हू पन यायचा तिला भेटायला. मी त्याला बस म्हनायचे नाय, उठ पन म्हनायचे नाय.

हैबतराव वारला तेव्हा ती पेणहून एसटीनं आली. त्याच्या घरी जायला पांढरं लुगडं नेसली. दारात चपला घालत मना म्हनाली, "येतेस?"

"नाय."

"बरं," ती म्हनाली. "दार लावून घे. कुत्रं शिरतं."